फौजीला फक्त गेटवरच का उभं करता?

ठाण्यात बाळकुम नाक्यावरून कोलशेतच्या दिशेने निघालं की टॉवरांच्या फाटकांवर एक पाटी हमखास दिसते: 'सुरक्षारक्षक पाहिजेत. माजी सैनिकांना प्राधान्य.' मी स्वतः माजी सैनिक. हवाई दलात मेडिकल असिस्टंट म्हणून वीस वर्षं काढली आणि सार्जंट म्हणून बाहेर पडलो. ही पाटी वाचून मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. सरकारने एखाद्या माणसावर पंधरा-वीस वर्षं खर्च केला, बर्फात, वाळवंटात, जंगलात राहायला शिकवलं, आणि तो घरी आला तेव्हा त्याच्यासाठी आपल्याकडे एक खुर्ची, एक शिट्टी आणि गाड्यांचे नंबर लिहायची वही निघाली, एवढाच तिचा अर्थ मला लागतो.

पहारा देणं हलकं काम आहे असं मी म्हणत नाही. बरेच जण मेस्कोतून, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळातून लागतात, चार पैसे मिळतात, मुलांची शिक्षणं होतात. माझी तक्रार वेगळी आहे. फौजेत माणूस बंदूक चालवायला शिकतो, तसाच दुसऱ्या माणसाजवळ थांबायलाही शिकतो. घरून तार आलेला, सुट्टी नामंजूर झालेला, सोबत्याला खांदा देऊन परतलेला जवान बॅरेकमध्ये गप्प पडून असतो, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा न बोलता जागा राहतो. ही विद्या कुठल्या सर्टिफिकेटवर नसते. आपल्या टॉवरांना मात्र आज नेमकी तिचीच गरज आहे.

हे मला शिकवलं आमच्या गेटवरच्या हवालदारांनी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. माणूस सातारा भागातला, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला. बायको-मुलगा गावी, हे इथे बाळकुम पाड्यात दोघांत एक खोली घेऊन. मिशी बारीक, आवाज मोठा. आमच्या इमारतीतली पोरं त्यांना 'फौजी काका' म्हणायची, मोठी माणसं 'अहो हवालदार', आणि काही महाभाग 'ए वॉचमन'. या तिसऱ्या गटातल्यांनाही ते 'बोला साहेब'च म्हणत. फौजी कँटीनमधून एखादी बाटली मिळेल का, असं अर्ध्या सोसायटीने त्यांना कधी ना कधी विचारलेलं होतं. मलाही विचारतात. आपल्या समाजाला माजी सैनिकाचे दोनच उपयोग ठाऊक आहेत, पैकी हा दुसरा.

२०२० च्या जूनमध्ये बाळकुम-साकेतला ग्लोबल हबच्या इमारतीत महापालिकेचं हजार खाटांचं कोविड रुग्णालय सुरू झालं. नाक्यावरून दिवसरात्र अँब्युलन्स. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर कमी झाले होते, त्यामुळे अँब्युलन्सचा आवाज जास्तच लागायचा. त्या दिवसांत रात्री एक-दीडला आमच्या इमारतीतली माणसं एकेक करून खाली यायला लागली. कारण काय, तर मोकळी हवा. खरं कारण असं की दोन खोल्यांत सहा माणसं कोंडल्यावर रडायलाही जागा उरत नव्हती, आणि गेटवर एक माणूस जागा होता.

एका मुलाचे वडील त्याच रुग्णालयात होते. आत कुणाला सोडत नव्हते, फोन लागला तर लागला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा, रोज रात्री खाली येऊन फाटकाला धरून उभा राहायचा. मी बाल्कनीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, याला कुणीतरी धीर द्यायला हवा. हवालदारांनी धीरबीर काही दिला नाही. विचारलं, ''जेवलास का?'' तो नाही म्हणाला. डब्यातली अर्धी भाकरी त्याच्या हातात गेली. मग त्यांनी गाड्यांची वही पुढे केली. ''माझा चष्मा फुटलाय, नंबर तू लिही.'' चष्मा खिशात होता, मी स्वतः पाहिला. वडील घरी येईपर्यंत त्या वहीत रात्रीच्या नोंदी एका सुवाच्य अक्षरात आहेत. वडील आले. नसते आले तरी त्या रात्री त्या पोराने एकट्याने काढल्या नसत्या, एवढं नक्की.

मी वीस वर्षं दवाखान्यांत काढलेला माणूस. रक्तदाब, नाडी, ताप, जखम सगळं बघितलं. पण 'सगळं ठीक होईल' हे न म्हणता माणसाला रात्र पार करून देता येते, हे मी त्या खुर्चीशेजारी उभा राहून शिकलो.

हवालदारांना संत करायचा माझा विचार नाही. सुरुवातीला त्यांची पद्धत अगदीच फौजी होती. तिसऱ्या मजल्यावरचा एकजण पिऊन यायचा, बायकोवर हात टाकायचा. हवालदारांनी एका रात्री त्याला लिफ्टसमोर सावधानमध्ये उभं करून असं फैलावर घेतलं की अख्खी विंग जागी झाली. तो चार दिवस सरळ वागला, पाचव्या दिवशी जास्त पिऊन आला, आणि सगळा राग बायकोवर निघाला. ती बाई खाली येऊन हवालदारांना एवढंच म्हणाली, ''काका, तुम्ही बोललात, पण मार मला बसला.'' दोन दिवस त्यांनी कुणाशी शब्द काढला नाही.

फौजी धाकाची ही गोष्ट महाराष्ट्राने याहून मोठ्या प्रमाणावर पाहिलेली आहे. १९६५ च्या युद्धात खेमकरणला सोबती डोळ्यांदेखत गेलेले पाहून, पुढे दशकभराने फौज सोडून राळेगण सिद्धीला परतलेले अण्णा हजारे. त्यांनी गावाचं पाणी अडवलं, गाव उभं केलं, हे सगळं खरं. पण तिथे दारुड्यांना देवळासमोरच्या खांबाला बांधून फौजी पट्ट्याने मारलं जायचं, हेही तितकंच खरं, आणि अण्णांनी ते लपवलं नाही, उलट त्याचं समर्थन केलं. त्याच महाराष्ट्रात १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, तिथे व्यसनातून बाहेर आलेला माणूसच नव्या माणसाजवळ बसतो. राळेगणला दारू सुटली म्हणून पट्ट्याची बाजू घेणारे मला फौजी मित्रांत पुष्कळ भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालतो. पट्टा माणसाला गप्प करतो, आणि दारू बहुतेक वेळा गप्प राहिलेल्यालाच लागलेली असते.

तर मी हवालदारांना ठाण्यात स्वयंसेवक समुपदेशकांच्या एका छोट्या वर्गाला घेऊन गेलो. पन्नाशीतला माणूस पहिल्या बाकावर, नवी वही, दोन पेनं. बाई शिकवत होत्या, ऐकायचं कसं. मधेच यांचा हात वर. ''मॅडम, ऑर्डर कधी द्यायची?'' त्या म्हणाल्या, द्यायचीच नाही. परतताना कापूरबावडीपर्यंत माझ्याशी अबोला. मग म्हणाले, ''ऑर्डर द्यायची नाही तर समोरच्याने करायचं काय?'' मी म्हटलं, त्याने ठरवायचं. ''हे अवघड आहे,'' म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात माझ्या आधी येऊन रिक्षाजवळ उभे होते.

हवाई दलात असताना मी एका इंग्रज वैमानिकाबद्दल वाचलं होतं, त्याची आठवण मला त्या काळात वारंवार येई. लिओनार्ड चेशायर. दुसऱ्या महायुद्धात शंभर बॉम्बफेकी मोहिमा, व्हिक्टोरिया क्रॉस, प्रसिद्ध ६१७ स्क्वाड्रनचं नेतृत्व, आणि त्यासाठी ग्रुप कॅप्टनचा हुद्दा सोडून खाली उतरण्याची तयारी. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनचा निरीक्षक म्हणून तो विमानात होता. ही गोष्ट सांगणारे पुढचं वाक्य घाईने जोडतात, की बॉम्ब पाहून पश्चात्ताप झाला आणि तो सेवेकडे वळला. चेशायरने स्वतः हे कधी मान्य केलं नाही. बॉम्बने युद्ध संपवलं असंच तो अखेरपर्यंत म्हणत राहिला. सैनिकाच्या भलेपणामागे अपराधाची जखम असलीच पाहिजे, अशी नागरी लोकांची एक आवडती समजूत आहे. मला तिचा कंटाळा येतो.

खरी गोष्ट याहून साधी आहे. युद्धानंतर इंग्लंडमध्ये ल कोर्ट नावाच्या मोठ्या घरात त्याने माजी सैनिकांची वसाहत काढली, ती बुडाली. कर्ज, रिकामं घर. १९४८ मध्ये त्या उपक्रमातला आर्थर डाइक्स नावाचा माणूस कर्करोगाने मरायला टेकला. रुग्णालयाला त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, जायला घर नव्हतं. चेशायरने त्याला आपल्याकडे आणलं आणि स्वतःच्या हाताने त्याची शुश्रूषा केली. नर्सिंगचं शिक्षण नाही, पैसा नाही. डाइक्स त्याच उन्हाळ्यात गेला, तोवर नव्वदी ओलांडलेल्या एक आजीबाई दाराशी आल्या होत्या, मग आणखी कुणी. चेशायर होम्स ही संस्था अशी सुरू झाली. कुठलाही आराखडा नव्हता, दाराशी आलेल्याला नाही म्हणता आलं नाही, एवढंच.

आणि इंग्लंडबाहेरचं पहिलं चेशायर होम कुठे निघालं? आपल्या अंधेरीत. १९५६ साली, महाकाली लेण्यांच्या बाजूला, 'बेथलेहेम हाउस'. क्षयाने फुप्फुस गमावण्याची वेळ आलेला, रुग्णालयात दोन-अडीच वर्षं काढलेला चेशायर त्यासाठी मुंबईत आला. पुढे देशभरात अशी वीसेक घरं झाली. १९५९ च्या एप्रिलमध्ये त्याने स्यू रायडरशी लग्न केलं तेही मुंबईतच. तीही युद्धातली, पोलिश गुप्त पथकांसोबत काम केलेली, नंतर छळछावण्यांतून सुटलेल्यांसाठी झिजलेली. दोघांनी मिळून डेहराडूनला 'राफाएल' उभं केलं, कुष्ठरोग्यांसाठी. ३१ जुलै १९९२ रोजी चेशायर गेला, मोटर न्यूरॉनच्या आजाराने, म्हणजे शेवटी तो स्वतः हालचालीला पारखा झाला होता. अंधेरीत मेट्रोने रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

बाळकुमच्या हवालदाराची तुलना चेशायरशी कुठे करता, असं कुणी म्हणेल. हुद्द्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कबूल. पण दोघांनीही हाताशी काही नसताना समोरच्या एका माणसापासून सुरुवात केली. फरक पुढे पडला. चेशायरला लोकांनी घरं, पैसे, स्वयंसेवक दिले. आमच्या हवालदारांना नोटीस मिळाली.

झालं असं की महामारीनंतर गेटवर कॅमेरे बसले. कमिटीतल्या एका सभासदाने फुटेज पाहून हिशेब काढला की रक्षक ड्यूटीच्या वेळेत रहिवाशांशी 'अनावश्यक गप्पा' मारतो. त्यात तिसऱ्या मजल्यावरची ती बाई होती, नोकरी गेलेला एक गृहस्थ होता, स्विगीचा एक पोरगा होता जो ऑर्डर नसतानाही थांबायचा. कॅमेऱ्यात आवाज नसतो. एजन्सीला पत्र गेलं, पंधरवड्यात नवा रक्षक आला. मी विरोध केला, सहीसुद्धा केली नाही, पण कमिटीत माझ्याखेरीज एकच हात वर झाला.

हवालदार गावी गेले नाहीत. दुसऱ्या ठिकाणी दिवसपाळी धरली आणि संध्याकाळी जुन्या बाळकुम गावातल्या एका देवळाच्या ओट्यावर बसायला लागले. आगरी घरांतली म्हातारी माणसं आधी संशयाने बघायची, हा घाटावरचा इथे काय करतो. नंतर त्यांच्याच घरातली पोरं येऊ लागली. जमिनीचे पैसे येऊन बाटलीत गेलेली, जिममध्ये औषधं घेऊन झोप उडालेली, पोलीस भरतीत दोनदा धावून नापास झालेली. त्या शेवटच्या गटाशी त्यांचं विशेष जमायचं. छाती फुगवायला शिकवणारे अनेक आहेत, नापास होऊन घरी कसं जायचं हे सांगणारे हेच. एखाद्याचं दुखणं आपल्या आवाक्याबाहेरचं दिसलं की हटकून माझ्याकडे किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात पाठवायचे, स्वतः सोबत जाऊन. १९०१ पासून ते रुग्णालय इथे आहे आणि ठाणेकरांनी त्याचा फक्त विनोद केला. हवालदार त्याला 'एमएच' म्हणायचे, मिलिटरी हॉस्पिटल म्हणतात तसं. त्यामुळे पोरं निमूट जायची.

हवालदार वारल्यावर त्यांच्या मुलाचा मला फोन आला. कुणाकुणाला कळवायचं ते त्याला समजत नव्हतं. मोबाइलमध्ये नंबर शंभरावर, पण नावं अशी: 'दारू तीन', 'परीक्षा', 'सासू', 'रिक्षा हप्ता', 'झोप नाही', 'झोप नाही दुसरा'. फोन कुणाच्या हाती लागला तरी कुणाची अब्रू जाऊ नये, म्हणून. वर्गात गोपनीयतेवर एक तास झाला होता, तो त्यांनी असा लिहून घेतला होता. मी त्यांच्याच मोबाइलवरून सगळ्यांना फोन केले. काहींनी उचलून विचारलं, ''काका, जेवलात का?''

आता मुद्द्यावर येतो. साध्या माणसाला शिकवून समुपदेशन करता येतं का, हा प्रश्न भावनेचा राहिलेला नाही. गोव्यातल्या 'संगथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांबरोबर आणि पुढे जास्त पिणाऱ्या पुरुषांबरोबर काम केलं. त्याचे निष्कर्ष २०१० आणि २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले, आणि ते जगभर वाचले गेले. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्यांसाठी १९७९ पासून 'व्हेट सेंटर' निघाली. रुग्णालयात नव्हे, वस्तीतल्या साध्या गाळ्यांत, आणि समोर ऐकायला बहुधा माजी सैनिकच. आपल्याकडे १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला तो पुण्यात, सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी). ठाण्यात तर १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे, कार्यकर्ते घडवण्याचा अनुभव शहरात आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांच्या याद्या आहेत. सगळं आहे. या चौघांना एका टेबलावर बसवणारं कुणी नाही.

घाई एवढ्यासाठी की आता अग्निवीर परततील. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला जी पहिली तुकडी प्रशिक्षणाला गेली, तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरायला लागतात. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतील. बाकीचे बावीस-पंचवीस वयाचे, पेन्शन नाही, हातात साडेअकरा-बारा लाख. योजना बरी की वाईट यावर मी इथे बोलत नाही, पण ही पोरं घरी आल्यावर त्यांच्याशी बोलणारं कोण, हे मला विचारायचं आहे. त्यांना गेटवरची खुर्ची तर मिळेलच, पाट्या तयार आहेत. पण त्यातल्या दहातल्या एकाला जरी सहा महिन्यांचं शिक्षण आणि पगारी काम मिळालं तरी कल्याण-डोंबिवलीपासून घोडबंदरपर्यंतच्या वसाहतींना गेटपलीकडचा एक माणूस मिळेल. पगारी म्हणतो मुद्दाम. हवालदारांसारखं पदरमोड करून ओट्यावर बसा, असं विशीतल्या पोराला सांगायचा आपल्याला हक्क नाही.

आक्षेप येतील. सैनिकाच्या स्वतःच्या मनात न बोललेलं किती साचलेलं असतं, तो दुसऱ्याचं काय ऐकणार? बरोबर आहे. हवालदारांनी ओट्यावर बसून शेकडो जणांचं ऐकलं, स्वतःची एकच गोष्ट मला सांगितली आणि तीही अर्धी: काश्मीरमधली एक रात्र, एक सोबती, आणि मग ''चला, चहा घेऊ.'' उरलेली मी विचारली नाही. समुपदेशकालाही समुपदेशक लागतो, ही शिकवणीतली पहिली अट हवी. दुसरी अट, आजार ओळखून पुढे पाठवणं. तिसरी, हात आणि पट्टा खिशात.

आमच्या सोसायटीपुरतं मी माझ्याकडून केलं आहे. सप्टेंबरमधल्या सर्वसाधारण सभेसाठी ठराव लेखी दिला आहे: क्लब हाउसमधली एक खोली आठवड्यातून तीन संध्याकाळी मोकळी ठेवावी, प्रशिक्षित माजी सैनिकाला मानधन द्यावं, आणि तिथे कॅमेरा नसावा. सेक्रेटरींनी तो अजेंड्यावर घेतला, त्यांचे आभार. क्रमांक पार्किंगनंतरचा आहे. पार्किंगला आमच्याकडे साधारण दोन तास लागतात, तोवर कोरम टिकला तर मतदान होईल.